शिधा हा उपकार नव्हे

शिधावाटप दुकानासमोर आपली माणसे अजूनही याचकासारखी उभी राहतात, हे पाहून मनास यातना होतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळावयाचे आहे. जानेवारी २०२३ पासून तेही विनामूल्य. मग उपकार कोणाचा? याच कायद्याने अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीस शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख ठरविले आहे. म्हणून भगिनींनो, यंत्रावर अंगठा टेकविल्यावर पावती मागून घ्या. तिच्यावरील आकडा पिशवीतील वजनाशी ताडून पाहा. धान्य कमी भरल्यास दुकानदाराशी हुज्जत घालू नका. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्यावाचून परतू नका.