वारसाचे काम आणि गावचा वकील

आमच्या नात्यातील एका सूत व्यापाऱ्याचा मालेगावात इन्तेकाल झाला. राहणे मालेगावचे, पेढी मालेगावची, पण मोठी ठेव मुंबईच्या बँकेत. मुले मुंबईत स्थायिक असल्याने त्यांनी तिथलाच नावाजलेला वकील धरला आणि सक्सेशन सर्टिफिकेटचा अर्ज मुंबईत दाखल केला. आठ महिन्यांनी अर्ज परत आला. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ३७१ प्रमाणे मरहूम जिथे राहत होते तिथल्या न्यायालयात अर्ज द्यावा लागतो. राहण्याचे ठिकाणच पक्के नसेल, तरच मालमत्ता कुठे आहे हे पाहिले जाते.

फी गेली ती गेलीच. खरे नुकसान उधारीत झाले. कलम २१४ प्रमाणे मयताचे येणे वसूल करायचे तर असे सर्टिफिकेट हजर केल्याशिवाय न्यायालय हुकूमनामा देत नाही. दावा मात्र मुदतीत लावून ठेवता येतो व सर्टिफिकेट निकालापूर्वी दिले तरी चालते. हे त्या मुलांना कोणी सांगितले नाही. इचलकरंजीच्या दोन पार्ट्यांकडील येणे तीन वर्षांच्या मुदतीबाहेर गेले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, मयत जिथे राहत होता त्या गावच्या कोर्टात रोज उभा राहणारा वकील शोधावा. त्याला तलाठ्याकडील वारस नोंद, सिटी सर्व्हेचा उतारा, १८२७ च्या मुंबई विनियमाखालील वारस दाखला ही कामे माहीत असतात. शिवाय आपले कागद! निकाहनामा उर्दूत, खातेवही उर्दूत, रेशनकार्डावर ‘शेख’चे स्पेलिंग एक आणि बँकेत दुसरे. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, आमच्याच नावाची तीन रूपे निघाली. बाहेरचा वकील अशा ठिकाणी अडतो, गावचा वकील प्रतिज्ञापत्र करून मोकळा होतो.

वकिलाची पारख कशी करावी? मुसलमानाच्या वसीयतीला प्रोबेट सक्तीचे नसताना तो प्रोबेटचा खर्च सांगू लागला, तर उठावे. मालमत्तेत टक्केवारी मागितली तरी उठावे, बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. आणि पहिल्याच बैठकीत तो बहिणींची नावे विचारतो का, हे पाहावे. पुष्कळ वकील, आणि खरे बोलायचे तर पुष्कळ भाऊही, हक्कसोड पत्राचा कागद आधी काढतात. मयताच्या मागे बेवा, दोन मुलगे, तीन मुली असतील तर मेहर, कर्ज व वसीयत भागवून तरक्याचे आठ हिस्से होतात : बेवेचा एक, प्रत्येक मुलाचे दोन, प्रत्येक मुलीचा एक. तीन मुलींचे तीन हिस्से म्हणजे काही किरकोळ रक्कम नव्हे. नॉमिनी म्हणून थोरल्याचे नाव बँकेत आहे एवढ्याने ठेव त्याची होत नाही. सर्टिफिकेट ज्याच्या नावाने निघते त्यालाही इतरांचा हिशेब द्यावा लागतो.

वरील घराण्यात शेवटी मालेगावच्या एका तरुण वकिलाने काम हाती घेतले. त्याने पहिल्या दिवशी धुळ्याला दिलेल्या बहिणीला बोलावून घेतले. ती आली तेव्हा हक्कसोड पत्र टाईप होऊन तयार होते. फक्त तिची सही बाकी होती. ते फाडले गेले. बेवा बाईंना कोणी सांगितले नव्हते की स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याखाली तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो.