हिशेबाच्या टेबलावरची बाई

परवा ८ मार्चला आमच्या कॉलनीत महिला दिनाचा कार्यक्रम झाला. पाहुण्या बाई 'स्त्री आणि नेतृत्व' या विषयावर तासभर छान बोलल्या. आत्मविश्वास, संवादकौशल्य, सकारात्मक दृष्टी... सगळं आलं त्यात. मी पुढच्या रांगेत होते. माझी धाकटी जाऊ मागच्या रांगेत बसून शेंगदाण्याच्या वड्या मोजून पाकिटात भरत होती. नगरपालिकेत पस्तीस वर्षं काढून लेखापाल म्हणून निवृत्त झालेली बाई. नोकरीत असताना तिला महिला दिनाच्या कार्यक्रमाला जायला कधी फुरसत मिळाली नाही, कारण ८ मार्चच्या पाठोपाठ ३१ मार्च उभा असतो. हिशेब खात्यातल्या कुठल्याही बाईला विचारा.

भाषण ऐकताना माझ्या मनात सारखं येत होतं, हिच्या नेतृत्वाला यातला कुठला शब्द लावायचा?

ती १९७९ साली कारकून म्हणून लागली तेव्हा पालिकेचा मुख्य आधार जकात. नाक्यावरचा पैसा रोज पेटीत यायचा. रोजची रोकडवही मिळाली नाही तर रात्री नऊपर्यंत बसायचं, मग घरी येऊन भाकऱ्या. पुढे १९९९ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली आणि शासनाचं अनुदान सुरू झालं. लोकांना वाटलं, बरं झालं, ट्रकांच्या रांगा गेल्या. पण ज्या गावाची रोजची कमाई होती ते गाव आता वरून येणाऱ्या रकमेची वाट बघू लागलं. अनुदान लांबलं की सफाई कामगारांचा पगार लांबायचा. दिवाळीच्या तोंडावर ते सगळे हिच्या टेबलापुढे येऊन उभे राहायचे, मुख्याधिकाऱ्यांच्या नव्हे. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी कुणाकुणाकडे आहे याची यादी काढून वसुलीची माणसं आधी मोठ्या थकबाकीदारांकडे पाठवा, हा हट्ट तिचा. मोठे थकबाकीदार म्हणजे कोण ते मी सांगायला नको. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात.

आणि मग वयाच्या पन्नाशीत द्विनोंदी पद्धत आली. २००४ साली केंद्राची लेखासंहिता आली आणि त्यानंतर पालिकांनी नुसती जमा-खर्चाची वही न ठेवता ताळेबंद करायचा असं ठरत गेलं. त्यावर ती जे बोलली ते मला फार आवडलं होतं. ती म्हणाली, "वहिनी, इतकी वर्षं आम्हाला पैसे किती आले नि किती गेले ते माहीत होतं, पण गावाच्या मालकीचं काय काय आहे ते कुणाला माहीत नव्हतं." ताळेबंदासाठी सगळ्या मालमत्तेची यादी लागते. रस्ते, टाक्या, गाळे, शाळांच्या इमारती, मोकळ्या जागा. त्या शोधता शोधता एका जागेवर कुणाचं तरी गोदाम उभं असल्याचं निघालं. फुकट मिळालेल्या जमिनीची किंमत १ रुपया धरायची असा नियम आहे. म्हणजे ज्या मैदानावर आमची मुलं खेळली ते ताळेबंदात १ रुपयाचं. मला हसू आलं होतं. ती मात्र म्हणाली की तो १ रुपया लिहिलेला असला तरच उद्या विचारता येतं, मैदान गेलं कुठे.

हाताखालच्या मुलांना तिने जे शिकवलं ते मी मास्तरीण असून मला वर्गात इतकं नीट शिकवता आलं नसतं. चूक झाली तर खोडायचं नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकीच्या आकड्यावर एक रेघ, आकडा खाली दिसला पाहिजे, वर बरोबर आकडा आणि बाजूला स्वतःची सही. एकदा एका नव्या मुलाची पावतीपुस्तकं जुळेनात. तो घाबरून रजेवर गेला. हिने त्याला घरून बोलावून आणलं, दोन संध्याकाळी शेजारी बसून एकेक पावती वाचली. बेरजेतली चूक होती, पैसे कुठे गेले नव्हते. तो मुलगा आज दुसऱ्या गावी हिशेब सांभाळतो आणि दर दिवाळीला हिला फोन करतो.

पण ऑफिसात हिचं नाव काय, तर 'खाष्ट'. तिच्या आधीचे लेखापाल बिलं परत पाठवायचे तेव्हा ते 'शिस्तीचे' होते. काम तेच, टेबल तेच. शाळेतही मी हे पाहिलंय, मुख्याध्यापक कडक असले की शाळेचं भाग्य आणि बाई कडक असल्या की घरी काही बिनसलं असेल!

आता जे लिहिणार आहे ते लिहू का नको म्हणून चार दिवस थांबले. तिला विचारलं, ती म्हणाली लिहा.

एका वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गटारीच्या कामाचं बिल आलं. मोजमाप पुस्तिकेत काम पूर्ण. हिचा घरी जायचा रस्ता नेमका तोच. निम्म्या गल्लीत कुदळसुद्धा लागली नव्हती. हिने फाइलवर शेरा लिहिला की कामाची खात्री होईपर्यंत देयक अदा करू नये. मग सुरू झालं. निधी परत जाईल, गावाचं नुकसान होईल, काम एप्रिलमध्ये करून घेऊ, बाई तुम्ही फक्त सही करा. माझ्या दिरांना फोन आले. एक गृहस्थ तर पेढे घेऊन घरी आले.

त्या रात्री मी तिला स्वयंपाकघरात म्हटलं, "कर की सही आणि मोकळी हो. तुझ्या एकटीच्या सहीने काय गाव सुधारणार आहे?"

हो, मीच म्हटलं. मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारी मी. कारणं माझ्याकडे पुष्कळ होती. तिच्या मुलीचं लग्न ठरत होतं, दिरांची तब्येत बरी नव्हती. तिने काही वाद घातला नाही. ताट वाढता वाढता एवढंच म्हणाली, "वहिनी, दहा वर्षांनी लेखापरीक्षक आला की तो सही कुणाची आहे ते बघतो. पेढे कुणी आणले होते ते नाही बघत."

तिने सही केली नाही. जूनमध्ये तिची जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत बदली झाली. दोन वर्षं ती दाखले लिहीत होती. ऑफिसातलं कुणी एक अक्षर बोललं नाही, आणि घरात आम्हीही नाही. पुढे लेखापरीक्षणात दुसऱ्याच काही बिलांवर आक्षेप निघाले, सही करणाऱ्यांच्या मागे वसुली लागली, एकाचं निवृत्तिवेतन अडकलं आणि अनुपालन कोण लिहिणार म्हणून हिला परत बोलावलं. सन्मानाने वगैरे नाही. गरज होती म्हणून.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण बायकांना खुर्च्या दिल्या, ते योग्यच झालं. ७४व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये निम्म्या केल्या. पण खुर्चीवर बसलेल्या बाईला अंदाजपत्रक वाचता आलं नाही तर ते तिचे यजमान वाचतात. हिच्या कारकिर्दीत एक नगराध्यक्षा अशाच नवख्या होत्या. एक दिवस दुपारी गुपचूप येऊन म्हणाल्या, "ताई, हे मला समजावून सांगाल?" हिने तीन दुपारी आरंभीची शिल्लक म्हणजे काय इथपासून सांगितलं. त्या वर्षीच्या सभेत त्या बाईंनी स्वतः प्रश्न विचारला, पाणीपट्टीतून येतात किती आणि पाण्यावर खर्च किती? सभागृह गप्प झालं म्हणे. हे शिक्षण निवडून आलेल्या प्रत्येकीला पहिल्या महिन्यातच मिळायला हवं, कुणा ताईच्या मेहेरबानीवर नको. आणि बिल लेखी कारण देऊन परत करणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली करायची असेल तर बदली करणाऱ्यानेही लेखी कारण द्यावं. रेघ मारायची तर शेजारी सही हवी. हा हिचाच नियम आहे, फक्त वरच्यांना लावायचा.

पाहुण्या बाईंचं भाषण संपल्यावर शाल-श्रीफळ झालं. मी उठून जाऊबाईंचं नाव घेणार होते, पण तिने मागूनच डोळ्यांनी नको म्हटलं. घरी येताना मी तिला त्या रात्रीबद्दल माफ कर म्हणाले, इतक्या वर्षांनी. ती थोडा वेळ चालत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणालात तेव्हा मला वाईट नव्हतं वाटलं. बदली झाल्यावर तुम्ही विचारलं नाहीत, कशी आहेस म्हणून, त्याचं वाटलं."