पाळणाघरातील जखमेची खबर घरी कधी पोहोचणार?

मुंबई - नोएडातील एका पाळणाघरात पंधरा महिन्यांच्या मुलीला झालेल्या मारहाणीची चित्रफीत ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर दाखविली गेली आणि महाराष्ट्राला खारघरची आठवण झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला तेथील सांभाळणाऱ्या बाईने मारहाण केल्याचे असेच कॅमेऱ्यातून उघड झाले होते. त्या वेळी ती बाई आणि पाळणाघराची संचालिका या दोघींनाही अटक झाली. दोन्ही प्रकरणांत जवळपास नऊ वर्षांचे अंतर असले, तरी घटनाक्रम एकच आहे. मुलीच्या अंगावरील खुणा आईवडिलांच्या नजरेस पडल्या, डॉक्टरांनी त्या साध्या नसल्याचे सांगितले, मग कॅमेऱ्यातील चित्रण तपासले गेले आणि त्यातून खरे काय ते समजले. नोएडातील आईला मुलीच्या मांड्यांवर गोल वळ दिसले होते. ते माणसाच्या दातांचे व्रण आहेत, हे तिला कळले ते डॉक्टरांकडून.

मारहाणीची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र, जखम झाल्याचे ज्या जागेला सर्वांत आधी ठाऊक होते, तिथून पालकांना अवाक्षरही कळले नाही, हा मुद्दा त्या गदारोळात मागे पडला. मारहाण हा गुन्हा आहे आणि सुदैवाने तो अपवाद आहे. पण चार-पाच लहान मुले एकत्र आली, की पडणे, झडणे, बोट दारात सापडणे, एकमेकांना चावणे हे नित्याचेच असते. त्यातले संध्याकाळी घरी किती सांगायचे आणि किती गिळून टाकायचे, हे आजमितीस पूर्णपणे पाळणाघर चालविणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे.

"काही नाही, खेळताना लागलं"

खबर दडविण्याने काय बिघडते, हे वैद्यकीय बाजूने पाहिल्यास प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. डोक्यावर पडलेल्या मुलाला पहिले २४ ते ४८ तास नजरेखाली ठेवावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. वारंवार उलटी होणे, नेहमीपेक्षा अधिक झोपाळूपणा, न थांबणारे रडणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे ही धोक्याची लक्षणे होत. आता दुपारी पडलेले मूल संध्याकाळी घरी येऊन न जेवता झोपी गेले, तर पडल्याची कल्पना नसलेली आई काय समजेल? आज फार दमलेले दिसते, एवढेच. ती त्याच्या अंगावर पांघरूण घालील आणि दिवा मालवील. डोक्याला टेंगूळ आले नसेल, तर शंका येण्याचेही कारण नाही.

दुसरे उदाहरण त्याहून साधे आहे. एक ते चार वर्षांच्या मुलाला हाताला धरून झटकन ओढले किंवा एका हाताने उचलले, की कोपराच्या सांध्यातील हाड किंचित सरकते. मूल तो हात लोंबता ठेवते, वापरतच नाही. हात कसा ओढला गेला, हे डॉक्टरांना सांगितले, तर बहुतेक वेळा क्ष-किरण तपासणीचीही गरज पडत नाही. काही मिनिटांत हाड जागेवर बसते. तेच सांगितले नाही, तर मुलाच्या वेदना आणि घरच्यांची धावपळ विनाकारण लांबते. खेळण्यातील गोल चपट्या बॅटरीची गोष्ट तर फारच भयंकर आहे. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या आत तेथे गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी "संध्याकाळी सांगू" असे म्हणणेही उशिराचेच ठरते.

थोडक्यात, दहा महिन्यांच्या मुलाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने बोलू शकणारी एकच व्यक्ती त्या खोलीत असते, आणि बोलल्यास नुकसानही बहुधा तिचेच होणार असते.

कायदा काय म्हणतो?

लहान मुलांसाठी आपल्याकडे कायदे कमी नाहीत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलांची देखभाल सोपविलेल्या संस्थेतील कर्मचाऱ्याने वा चालकाने क्रूरता केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लैंगिक अत्याचाराबाबत पॉक्सो कायदा, २०१२ आणखी पुढे जातो. अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न देणे हाच त्यात गुन्हा मानला असून, संस्थेच्या प्रमुखास त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदलापूरच्या शाळेतील ऑगस्ट २०२४ च्या प्रकरणात याच मुद्द्यावर उच्च न्यायालयाने शाळा व्यवस्थापनाला खडसावले. या प्रकरणानंतर राज्य सरकारने शासन निर्णय काढून शाळांवर असा प्रकार २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन घातले.

या सर्व तरतुदींत खबर जाते ती पोलिसांकडे किंवा अधिकाऱ्यांकडे, आणि तीही गुन्हा घडल्यावर. मूल घसरगुंडीवरून पडले, तर त्याच्या आईला त्याच दिवशी सांगा, असे त्यांतील एकही कलम सांगत नाही. शिवाय बदलापूरनंतरचा निर्णय शाळांपुरता आहे. सहा महिन्यांच्या बाळाला सांभाळणारे सोसायटीच्या तळमजल्यावरील घरगुती पाळणाघर शिक्षण खात्याच्या कक्षेत येतच नाही. दुकाने व आस्थापना कायद्याखाली एवढ्या छोट्या जागेला नोंदणीही लागत नाही. माहिती कळविली की पुरे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाची खासगी प्ले-स्कूलसाठी मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि वीस मुलांमागे एक शिक्षिका व एक सांभाळणारी व्यक्ती असावी, इतका तपशील त्यांत आहे. पण ती तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी आहेत, आणि मार्गदर्शक तत्त्वे मोडणाऱ्याला शिक्षा नसते.

नोकरदार मातांसाठी २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ६७ मध्ये आली आहे. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याचा हक्क आहे. दोन भेटींच्या मधल्या वेळात मुलाला काय लागले, हे तिला सांगण्याबाबत मात्र ते कलम मौन बाळगते. याच दिवशी लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या संहितेनुसार अपघातामुळे कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर मालकाला त्याची सूचना सरकारी यंत्रणेकडे धाडावी लागते. म्हणजे कारखान्यात आईचा हात दुखावला, तर त्याची सरकारदरबारी नोंद होईल. त्याच कारखान्याच्या पाळणाघरात तिच्या मुलाचा हात दुखावला, तर ती होईलच असे नाही. मूल कामावर नसते ना!

कॅमेरा सांगत नाही

अशा प्रत्येक घटनेनंतर सीसीटीव्ही बसविण्याची मागणी होते. कॅमेरे जरूर असावेत. खारघर आणि नोएडा या दोन्ही ठिकाणी पुरावा त्यांनीच दिला. परंतु दोन्ही ठिकाणी कॅमेरे चालू असतानाच मारहाण झाली, हेही विसरता येत नाही. कॅमेरा आपणहून काही सांगत नाही; संशय आल्यावर त्याला विचारावे लागते. संशय येण्यासाठी आधी वळ दिसावा लागतो. आठ तासांचे चित्रण रोज रात्री पाहणारा पालक कुठे सापडणार?

इतर देशांनी याबाबत वेगळी वाट धरली आहे. इंग्लंडमध्ये पाळणाघरांना लागू असलेल्या वैधानिक नियमांनुसार मुलाला झालेला कोणताही अपघात वा इजा आणि केलेला प्रथमोपचार त्याच दिवशी किंवा शक्य तितक्या लवकर पालकांना कळवावा लागतो, तसेच त्याची लेखी नोंद ठेवावी लागते. ऑस्ट्रेलियात त्यासाठी कमाल मुदत २४ तासांची आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याने तर किरकोळ ओरखडे आणि दुसऱ्या मुलाने घेतलेला चावा यांचाही नियमांत उल्लेख केला आहे. प्रथमोपचार करावा लागलेल्या अशा जखमा मूल घरी नेताना पालकांना सांगाव्याच लागतात. यापैकी कशासाठीही मोठा खर्च येत नाही. एक वही लागते आणि लिहिणारी व्यक्ती.

वहीचे सोडा, पण लिहिणाऱ्याचे काय? आपल्याकडील सांभाळणाऱ्या मावशी तुटपुंज्या पगारावर काम करतात. मूल पडल्याचे सांगितले, तर नोकरी जाईल, ही त्यांची भीती निराधार नाही. संचालिकेला धास्ती असते ती सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची, कारण तिथे एका टेंगळावरून तासाभरात पाळणाघराची अब्रू जाऊ शकते. चावा घेणाऱ्या मुलाचे नाव फुटले, तर दोन घरांत वितुष्ट येते ते निराळेच. तेव्हा नियम करायचाच, तर मूल पडल्याबद्दल शिक्षा नको, पडल्याचे दडविल्याबद्दल हवी. वहीत काय झाले, किती वाजता, कोण हजर होते, काय उपचार केला, एवढेच लिहावे. दुसऱ्या मुलाचे नाव लिहिण्याची गरज नाही. खाली पालकाची सही असावी. प्रामाणिकपणे चालविलेल्या पाळणाघरालाही या सहीचा आधारच होईल. घरी झालेली जखम पाळणाघराच्या माथी मारली जाण्याचे प्रसंगही घडतातच.

असा नियम होईपर्यंत पालक अगदीच निःशस्त्र आहेत असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने सेवेतील त्रुटीची व्याख्या करताना ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे हीदेखील त्रुटी ठरविली आहे. शुल्क भरून मूल ठेवणारा पालक या कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच ठरतो. अडचण येते ती पुराव्याची. "खेळताना मुलाला इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही" असे वाक्य अनेक पाळणाघरांच्या प्रवेश अर्जात असते आणि पालक घाईघाईत त्याखाली सही करून मोकळे होतात. त्याच अर्जावर, इजा झाल्यास त्याच दिवशी लेखी कळविले जाईल आणि डोक्याला लागल्यास तत्काळ दूरध्वनी केला जाईल, अशी एक ओळ लिहून घेण्याचा आग्रह त्यांना सही करण्यापूर्वी धरता येईल. कोणते पाळणाघर त्याला नकार देते, हेही मूल तेथे ठेवण्याआधीच समजेल.