बाटलीला परवाना, चिलमीला पिंजरा

ऐन दिवाळीत दारूगांजाचे नाव काढले म्हणून कोणी नाक मुरडील. खुशाल मुरडावे! फराळाचे ताट झाकून, नवरा आज कोणत्या पायांनी घरी येतो या धास्तीने दाराकडे कान लावून बसलेली बाई याच दिवाळीत असते. तिला अखेर धाव घ्यायची ती पोलीस चौकीकडेच. म्हणून त्या चौकीचा वेळ कशात जातो, हा प्रश्न घरचाच आहे.

रात्रीच्या चौकीत येते कोण? बायकोला झोडपणारा, गुत्त्यावर डोके फोडून घेतलेला, पिऊन गाडी दुसऱ्याच्या अंगावर घातलेला. गटारी अमावास्या आली, एकतीस डिसेंबर आला, की नाकेबंदी करून लोकांचे श्वास तपासायचे, ते दारूपायी. महाशिवरात्रीच्या भांगेसाठी असा बंदोबस्त मी तरी पाहिलेला नाही. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. त्यांचे पंचनामेही पोलिसांनीच केले.

आता कायद्याचा न्याय पाहा. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून रद्द झालेला नाही; तरी सरकार परवाने देते आणि कराने तिजोरी भरते. गांजाला मात्र १९८५ चा केंद्राचा कायदा. नुसता ओढला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. जवळ थोडासा सापडला तर कैद वर्षापर्यंत. गंमत अशी, की त्याच झाडाचे नुसते पान या कायद्याच्या व्याख्येत गांजा ठरत नाही. पान मोकळे, शेंडा आरोपी!

म्हणजे दारूचा भार पोलिसांवर दारूच टाकते. गांजा ओढणाऱ्याचा भार बहुतांशी कायदाच टाकतो. चिलीम ओढून कोपऱ्यात पडलेल्याने कोणाचे डोके फोडलेले नसते. त्याला उठवून आणायचे, पुडी तोलायची, मोहोरबंद करायची, तपासणीला धाडायची, मग कोर्टात तारखा मोजायच्या. तेवढ्या वेळात दोन गल्ल्या पलीकडे एखादी बाई मार खात असते.

दारू पिणारेच जास्त, म्हणून तंटे जास्त, असे कोणी म्हणेल. दिल्लीच्या एम्सने केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे ३ कोटी आढळले. हा फरक मला मान्य आहे. पण तंटा संख्येनेच होत नाही, नशेच्या जातीनेही होतो. इंग्रज सरकारने १८९३ साली नेमलेल्या आयोगाने हजारावर साक्षी घेतल्या आणि भांग-गांजाचा गुन्हेगारीशी संबंध फार थोडा, असाच निर्वाळा दिला. ते सरकार काही गंजेटी नव्हते.

मी गांजाचा भाट नव्हे. कोवळ्या वयात तो मेंदूची माती करतो. त्याच पाहणीप्रमाणे या नशेपायी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख आहेत. पण मदत म्हणजे डॉक्टर, कोठडी नव्हे. आणि सरसकट दारूबंदीही मी मागत नाही. तिने हातभट्ट्या कशा फोफावल्या आणि हप्ते कसे बांधले गेले, ते मुंबईने पुरेपूर पाहिले आहे.

माझे मागणे साधे आहे. गांजा विकणाऱ्या टोळ्यांना सोडू नका. पण नुसत्या ओढणाऱ्याला पोलिसांच्या वहीतून काढून दवाखान्याच्या वहीत घाला. वाचलेला शिपाई ज्या दारातून किंकाळी येते तिथे पाठवा. आणि भगिनींनो, गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मत दिले, तर दारूचे दुकान बंद करण्याची सोय या राज्यात आहे. ती बाटली आडवी करायला शिपाई लागत नाही.

कराचे पैसे घेऊन बाटलीचा मान राखायचा आणि शौर्य दाखवायचे ते चिलमीवर, याला मी कायदा म्हणत नाही; हा धंदा झाला.