कुंपणाआडची माणसे

भविष्यकाळाची चित्रे रंगविणाऱ्या विज्ञानकथा-मालिकांकडे आपल्याकडील डाव्या विचारांची मंडळी बहुधा पोरांची करमणूक म्हणूनच पाहतात. परंतु दारिद्र्य ही निसर्गाची करणी नसून माणसांनी सह्याशिक्के उठवून अमलात आणलेली व्यवस्था आहे, ही गोष्ट ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अमेरिकन मालिकेने जानेवारी १९९५ मध्ये ज्या निःसंदिग्धपणे सांगितली, त्या निःसंदिग्धपणे ती सांगणारे राजकीय लेखन माझ्या वाचनात फारसे आलेले नाही.

‘पास्ट टेन्स’ या दोन भागांच्या कथेत चोविसाव्या शतकातील तीन अधिकारी यंत्रातील बिघाडामुळे २०२४ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोत येऊन पडतात. सिस्को हा कृष्णवर्णीय, डॉक्टर बशीर गव्हाळ वर्णाचा आणि डॅक्स ही गोरी स्त्री. तिघांपैकी कोणाजवळही ना ओळखपत्र, ना पैसा. रस्त्यावर शुद्धीवर येणाऱ्या सिस्को आणि बशीर यांच्यावर पहारेकरी बंदुका रोखतात, आणि बेरोजगार, बेघर व मनोरुग्ण यांना एकत्र कोंडण्यासाठी राखून ठेवलेल्या, भिंती घातलेल्या वस्तीत त्यांची रवानगी करतात. डॅक्सला मात्र त्याच शहरात एक धनाढ्य उद्योगपती अदबीने हात देतो आणि नवे ओळखपत्रही मिळवून देतो. कागदपत्रांच्या अभावी तिघांचीही अवस्था कायद्याच्या दृष्टीने एकच असताना, कोणाला संशयित मानायचे आणि कोणाला संकटात सापडलेली सभ्य व्यक्ती मानायचे, याचा निवाडा तिघांच्या कातडीच्या रंगाने आधीच करून टाकलेला असतो.

या कथेतील सर्वांत मोलाचे पात्र मला त्या वस्तीच्या दफ्तरातील कारकून बाई वाटते. ती क्रूर नाही. उपजीविका चालेना म्हणून आपले मूल दुसऱ्या कुटुंबाच्या पदरी सोडून आलेल्या, आणि त्यामुळे अटकेचे वॉरंट निघालेल्या एका स्त्रीची नोंद तिने पूर्वी एकदा दयेपोटी केली नव्हती; त्यापायी तिची नोकरी जाता जाता वाचली, आणि तेव्हापासून ती प्रत्येक अर्ज नियमाबरहुकूम भरून घेते. अन्यायाला दुष्ट माणसे लागतातच असे नाही. नोकरीची धास्ती असलेली सुस्वभावी माणसे आणि एक छापील नमुना एवढ्यावर त्याचे काम वर्षानुवर्षे सुरळीत चालते, हे इतक्या थोड्या अवकाशात दाखविणे सामान्य लेखकाचे काम नव्हे.

या कथेचे चित्रीकरण चालू असतानाच लॉस एंजेलिसमध्ये बेघरांसाठी कुंपण घातलेली जागा राखण्याची खरीखुरी योजना वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली होती. आणि कथेने मुक्रर केलेले २०२४ साल प्रत्यक्ष उजाडले, तेव्हा २८ जून रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने, ओरेगनमधील ग्रँट्स पास या गावाने सार्वजनिक जागी पांघरूण घेऊन झोपणाऱ्यांना दंड करण्याचा केलेला नियम वैध ठरविला. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी बेघरांच्या राहुट्या हटविण्याचा हुकूम काढला, आणि ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी अशा माणसांना प्रथम शहराबाहेर जाण्याचे तिकीट देऊ करावे असे फर्मावले.

ते तिकीट आपल्याला अपरिचित नाही. १९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुंबईतील पदपथवासीयांना हुसकावून त्यांच्या मूळ गावी धाडण्याचा निर्णय मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केला, आणि कारण दिले ते करुणेचे : अशा तकलादू आडोशांत पावसाळ्यात राहणे अमानुष आहे! २३ जुलै रोजी एका मजुराची झोपडी पाडून त्याला कुटुंबासह सेलमच्या बसमध्ये बसविण्यात आले. बायको-मुली तिकडेच राहिल्या, आणि तो कामाच्या शोधात पुन्हा मुंबईस आला, कारण काम मुंबईतच होते. या हकालपट्टीविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले खरे, पण पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. पदरात पडली ती पावसाळा सरेपर्यंतची मुदत.

मालिकेचे लेखक केवळ दुःख दाखवून थांबत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. त्याच मालिकेच्या १९९६ च्या एका भागात उपाहारगृहातील रॉम नावाचा नोकर, आजारपणाची रजा नसल्यामुळे कानाचे दुखणे अंगावर काढतो आणि अखेर कोसळतो. मग सहकाऱ्यांची संघटना उभारून तो संप पुकारतो, आणि मालक असलेल्या सख्ख्या भावाला ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ वाचून दाखवितो. आपल्या शहरांत दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या तरुणांनी हा भाग जरूर पाहावा. ‘पास्ट टेन्स’मध्येही भिंतींआडची माणसे बंड करून दफ्तराचा ताबा घेतात, आणि आपापली हकीकत स्वतःच्या तोंडाने बाहेरच्या जगाला ऐकवितात. चोविसाव्या शतकातील सुबत्तेचा पाया यंत्रांनी नव्हे, तर त्या बंडाने घातला असे ही कथा मानते, आणि माझेही मत तेच आहे.

माणसांना कोंडणाऱ्या अशा भिंती आपल्या कायद्यातही आहेत. उपजीविकेचे दर्शनी साधन नसलेला माणूस सार्वजनिक जागी भीक मागून जगत असावा अशा स्थितीत फिरताना दिसला, तर त्याला भिकारी ठरविण्याची, वॉरंटाविना अटक करण्याची, आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत कोंडून ठेवण्याची मुभा देणारा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ हा महाराष्ट्रात अद्याप अमलात आहे. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातील, भीक मागण्याला गुन्हा ठरविणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने न्यायालयाची वाट न पाहता हा कायदा रद्द करावा, आणि आपापल्या मतदारसंघातील आमदारांकडे ती मागणी वाचकांनी लेखी नोंदवावी.