उरलेल्या अस्तराचा हिशेब

अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला व्रण पडतात आणि दुखणे ८-१० वर्षांहून अधिक रेंगाळले की तेथे कर्करोगाची शक्यता वाढू लागते. औषधे निष्प्रभ ठरली तर मोठे आतडे काढून टाकावे लागते. पूर्वी अशा बहुतेक रुग्णांना पोटावरील छिद्राला बाहेरून पिशवी लावून आयुष्य कंठावे लागे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील अॅलन पार्क्स व जॉन निकोल्स यांनी १९७८ साली लहान आतड्याच्या टोकाचीच आतल्या आत पिशवी करून ती गुदद्वाराशी जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि असंख्य रुग्णांची त्या जाचातून सुटका झाली.

परंतु येथेच एक गैरसमज मूळ धरतो. मोठे आतडे गेले, म्हणजे कर्करोगाची भीतीही गेली, असे रुग्ण मानू लागतो. ती बव्हंशी गेली हे खरे. समूळ गेली असे मात्र नव्हे. यंत्राने टाके घालून जोडणी करताना गुदद्वाराजवळ जुन्या अस्तराची १-२ सेंटिमीटरची पट्टी राहते. ते अस्तर सोलून काढून हाताने टाके घातले, तरी त्याचे अंश मागे राहू शकतात. तेथे किंवा पिशवीत कर्करोग क्वचितच होतो. पण ज्यांच्या काढलेल्या आतड्यात कर्करोग वा कर्करोगपूर्व बदल आढळले होते, किंवा ज्यांना पित्तनलिका आकसत नेणारा जुनाट दाह आहे, त्यांना धोका इतरांहून अधिक असतो.

म्हणून येथे सरसकट भीती नको, तारतम्य हवे. अधिक जोखमीच्या रुग्णांची दरवर्षी दुर्बिणीतून तपासणी व्हावी, अस्तराचे नमुने तपासले जावेत. इतरांना विरळ तपासणी पुरते. सर्वांवर सारखा खर्च करणे हा साधनांचा अपव्यय, तर कोणावरच न करणे ही हेळसांड होय.

शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढणारे कुटुंब पुढल्या तपासणीची रजा आणि प्रवासखर्च पाहून थबकते. त्रास नसताना पैसा का घालवावा, हा त्याचा प्रश्न वरवर व्यवहारी वाटतो. परंतु रुग्ण पुष्कळदा तरुण असतो. त्याच्यापुढे ३०-४० वर्षे असतात. तेवढ्या काळात गाव बदलते, डॉक्टर बदलतात, कागद गहाळ होतात. म्हणून जोडणी कशी केली, अस्तर किती ठेवले, काढलेल्या आतड्यात काय आढळले, याचे मराठी टिपण रुग्णालयाने रुग्णाच्या हाती दिले पाहिजे. विम्याच्या आणि वैद्यकीय खर्चाच्या परताव्याच्या नियमांतही या तपासणीला शस्त्रक्रियेइतकेच स्थान हवे. मोठ्या खर्चाने वाचविलेला जीव किरकोळ खर्चापायी धोक्यात टाकणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.