गॅस संपलाय, हे सांगणारी ती

धडपडणाऱ्या पटकथालेखकावरच्या विनोदी शॉर्ट फिल्म आताशा मोबाइलवर ढिगाने येतात. साचा ठरलेला. वाढलेली दाढी, गार झालेला चहा, "गोष्ट छान आहे हो, पण यात एक लावणी टाका" म्हणणारा निर्माता. आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी बायको. तिला एकच वाक्य, "गॅस संपलाय." हसू येतं, नाही असं नाही. निर्मात्याची खिल्ली उडवलेली तर मला फार आवडते. पण त्या बायकोला हसायचं म्हटलं की जिवावर येतं. कारण गॅस खरंच संपलेला असतो!

म्हणून परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' मला वेगळा वाटतो. २००९ साली भारतातर्फे ऑस्करसाठी त्याची निवड झाली आणि २०१०च्या जानेवारीत तो आपल्याकडे लागला. बापू वाटव्यांनी लिहिलेलं फाळक्यांचं चरित्र वाचून मोकाशींना तो सुचला. दादासाहेब फाळके सिनेमाच्या वेडापायी घरातलं सामान विकतात, लोक त्यांना वेड्यात काढतात, आणि आपण पोट धरून हसत असतो. यातली सरस्वतीबाई (विभावरी देशपांडे) दारात उभी राहून कटकट करत नाही. तीही त्या खटाटोपात उतरलेली आहे. थट्टा तिची नाही, तिलाही थट्टा कळते, हा फरक मोठा.

तरी एक बोलायचं राहतंच. सिनेमा इतका हसरा आहे की कपाट गेल्यावर घरात काय होतं, हे मनात ठरतच नाही. खऱ्या सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कच्च्या फिल्मला कडेने भोकं पाडली, रसायनं कालवली आणि शूटिंगच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही केला. ३ मे १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, ही तारीख आपल्या मुलांना पाठ असते. सरस्वतीबाईंचं नाव किती जणांना सांगता येईल?

आमच्या कोरेगावाकडून रहिमतपूरमार्गे औंधला जाता येतं. त्या औंधात गदिमा शिकले. गणितापायी मॅट्रिक हुकली, मग कोल्हापूरला सिनेमात मिळेल ते काम करत करत त्यांनी पटकथा लिहायला घेतल्या. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) त्यांचाच, आणि त्यामागे होती औंध संस्थानातली स्वतंत्रपूरची खुली कैदवसाहत. गदिमांबद्दल आपण भरभरून बोलतो. पण विद्याताई माडगूळकरांनी त्या संसाराची आठवण 'आकाशाशी जडले नाते'मध्ये स्वतः लिहून ठेवली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दारातली बाई लिहायला बसली की गोष्टच वेगळी होते ना!

आणि समजा, धडपडणारी लेखक तीच असली तर? सई परांजपे, सुमित्रा भावे यांनी आपल्या पटकथा आपणच लिहिल्या, ही नावं आहेत आपल्याकडे. पण घर-मुलं सांभाळत पटकथा घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईवर कुणी विनोदी सिनेमा केलेला मला तरी आठवत नाही. पुरुष दोन वर्षं घरी बसून लिहितो, त्याला 'स्ट्रगल' म्हणतात. बाईसाठी असा शब्दच नाही.

आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणारी एकजण आहे. गणपतीत दरवर्षी तिचीच नाटुकली होतात, पत्रिकेवर नाव मंडळाचं. तिला हे सगळं ऐकवलं, तर सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "ताई, मला कोण स्ट्रगलर म्हणतंय? आमच्यात म्हणतात, हिला रिकामपण फार झालंय."

आता तिने स्वतःच एक शॉर्ट फिल्म लिहायला घेतलीय, विनोदीच. शिलाईच्या मापांच्या वहीत, मागच्या पानांवर. नायिका बाई, तीच पटकथा लिहिणारी. निर्मात्याचा फोन येतो तेव्हा नेमका कुकर लावलेला असतो आणि दर शिट्टीला निर्माता गोष्टीत एक बदल सांगतो. तिसऱ्या शिट्टीला नायिकेचा नायक होतो. वाचताना मी इतकी हसले की शेजारची डोकावून गेली. पुढचं लिहून व्हायचंय. सध्या लग्नसराई आहे, तीस-चाळीस ब्लाउज खोळंबलेत.